पाच फूट भराव टाकला की पुराचं टेन्शन मिटतं का?

प्रश्न : सर, कोल्हापुरात कदमवाडीच्या बाजूला आम्हा तिघा भावांचा २० गुंठ्यांचा प्लॉट आहे, अपार्टमेंट करायचा विचार चाललाय. २०१९ ला पाणी मागच्या गल्लीत होतं, २०२१ ला कुंपणाला लागलं. बिल्डर म्हणतोय पाच फूट भराव टाकू, विषय संपला. खरंच संपतो का?

उत्तर : नाही संपत. भरावाने बिल्डिंग वर जाईल, पण गटर जिथं सोडणार ती जागा खालीच राहणार ना! आपल्याकडं भानगड अशी आहे की पंचगंगा फुगली की जयंती नाल्यासारखे नाले नदीत रिकामे व्हायचे थांबतात, उलट नदीचंच पाणी नाल्यातून मागं येतं. अशा वेळी वरून पाऊस पडला तर तुमचं पाणी जाणार कुठं?

म्हणून आधी सर्व्हेअरला लावा कामाला. पेपरात येतं की राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ ला धोका, २०२१ ला तर ५६ च्या वर गेलेलं, पण ते फूट बंधाऱ्यावरच्या पट्टीचे, त्यावरून तुमच्या दारात किती पाणी येणार ते कळत नाही. शेजारच्या भिंतींवर दोन्ही सालच्या पाण्याच्या खुणा अजून असतील, त्यांची लेव्हल म्हणजे उंची मोजून घ्या, प्लॉटची घ्या आणि गटर नाल्याला मिळतं तिथल्या तळाचीही घ्या. हे शेवटचं हमखास राहतं आणि सगळा खेळ तिथंच आहे. पुराची खूण त्या तळापेक्षा वर निघाली तर पाइप कितीही मोठा घाला, पुरात तो उपयोगाचा नाही, शिवाय पाणी उलटं आत येऊ नये म्हणून तोंडाला झडपही बसवावी लागेल.

आता पावसाचा हिशेब. २० गुंठे म्हणजे साधारण २०२० चौरस मीटर, तासात ५० मिमी पडला की एक लाख लिटर पाणी झालं. आज त्यातलं थोडंफार मातीत मुरतं, थोडं खड्ड्यात साचतं, उद्या स्लॅब आणि पेव्हिंग ब्लॉक झाले की जवळपास सगळं लगेच गटरात. पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यावर मात्र भिस्त ठेवू नका, जुलैत काळी जमीन आधीच भिजून गच्च असते. पाणी धरून ठेवणारी टाकी आणि पंप लागेल, तोही नाला तुंबलाय पण रस्ता मोकळा आहे अशा दिवसापुरताच. नदीच दारात आली की पंप कुठं फेकणार पाणी?

पूररेषेच्या नकाशात प्लॉट कुठं येतो ते लेखी घ्या, बिल्डरच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. नकाशात दोन रेषा असतात, निळी नेहमीच्या पुराची आणि लाल क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत असेल तर अपार्टमेंट विसरा, निळ्या-लालच्या मध्ये असेल तर अटी लागतात. आणि भराव टाकलात तर आज तुमच्या प्लॉटवरनं वाहणारं पाणी शेजाऱ्याच्या घरात शिरेल, भांडण ठरलेलं, तेव्हा कडेनं चर मोकळा सोडा. बेसमेंट पार्किंग नकोच, मीटर रूम आणि लिफ्टचं मशीन २०२१ च्या खुणेच्या चांगलं वर घ्या.