होडी नांगरली आणि शेत नांगरलं

वेंगुर्ल्याच्या एका ताईंनी विचारलंय की चर्चच्या बैठकीत घराचं कर्ज, पोरांचं ॲडमिशन, होडीचं नवीन इंजिन असं बोलणं चाललेलं, तेवढ्यात एकजण म्हणाले, "सार्वकालिक जीवनाची आशा आहे ना आपल्याला, मग एवढं प्लॅनिंग कशाला, आशेचा नांगर टाकला की सुटलो." तर बायबलातला हा नांगर शेतातला की होडीचा, आणि नांगर टाकणं म्हणजे सगळं सोडून देणंच ना?

नाही हो ताई! हार मानून सोडून देतात तेव्हा टाकतात ती नांगी. नांगी टाकणे आणि नांगर टाकणे यांची खिचडी हल्ली इतकी ऐकतोय की डोकं उठतं. क्रिकेटवाले बघा, बॅट्समनने खेळपट्टीवर नांगर टाकला म्हणतात तेव्हा तो आउट होऊन तंबूत गेलेला नसतो, एक बाजू लावून धरून रन काढत असतो. त्यांना कळतं ते सभेत बोलणाऱ्यांना का कळू नये.

मराठी बायबलात नांगर दोन्ही आहेत. लूक ९:६२ मधला, ज्याला हात घातल्यावर मागे बघायचं नाही, तो शेतातला. इब्री ६:१९ मधला, आशा जिवाला नांगरासारखी, तो होडीचा, ग्रीकमध्ये तिथे सरळ आंक्युरा आहे, इंग्रजी अँकर त्याचाच वंशज. झालं उत्तर.

आता खरी गंमत. शेत नांगरलं म्हणजे नांगर सगळीकडे फिरला, आणि होडी नांगरली म्हणजे ती जाग्यावर थांबली! क्रियापद एकच, अर्थ उलटे. कारण हे मुळात दोन वेगळे शब्द. शेतातला नांगर संस्कृत लाङ्गल, थेट ऋग्वेदातला, प्राकृतात णंगल, मग आपला नांगर. सुरुवातीच्या ल चा न होतो हे खोटं वाटत असेल तर निढळाचा घाम आठवा, ते निढळ म्हणजे ललाट. आणि होडीचा नांगर हा फारसी लंगर, गुरुद्वारातल्या जेवणाचं नावही तेच. गुजराती खलाशी आजही होडी लांगरतात, ल शाबूत ठेवून. मग आपल्याकडे न कुठून आला?

माझं मत, कोणी मानो न मानो, हे कोकणातल्या तांडेल-खलाशांचं काम (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख). एक जूनला मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारायच्या, होडीचा लंगर पडवीत जायचा आणि मृग लागला की त्याच घरातून शेताचा नांगर बाहेर पडायचा. दोन्ही टोकदार, दोन्ही तळात रुतणारे, एकाच कोपऱ्यात ठेवलेले, मग लंगराने शेजाऱ्याचं नाव उचललं तर नवल काय! (बरं, घोटाळाही व्हायचा नाही, कारण शेताच्या नांगराला आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी जोत म्हणतात.) काही विद्वान सांगतात की समुद्राचा तळ नांगरतो म्हणून नांगर. या मंडळींनी होडीत कधी पाय ठेवला नसावा. तळ नांगरत जाणारा नांगर म्हणजे सुटलेला नांगर, रात्री तसं झालं तर होडी सकाळी खडकावर सापडते. आणि लाङ्गल तरी मूळ संस्कृत का, प्शिलुस्की नावाच्या फ्रेंच पंडिताने तो मुंडा वगैरे आदिवासी भाषांच्या कुळातून आल्याचं मांडलं होतं, तमिळमध्येही नांजिल आहेच, म्हणजे शेतकऱ्याचा शब्द पंडितांनी घेतला, उलटं नाही. यावर एकदा सविस्तर लिहायचंय.

हां, ते कर्ज आणि प्लॅनिंग. नांगर टाकला म्हणून तांडेल झोपत नाही, पाण्याच्या खोलीच्या पाच-सात पट दोर सोडावा लागतो, आखूड पडला तर नांगर उचकटतो, भरती-ओहोटीला होडी तोंड फिरवते, तेव्हा बघावं लागतं. बायबलातच प्रेषितांची कृत्ये अध्याय २७ काढा. कैदी म्हणून शिपायांच्या पहाऱ्यात चाललेल्या प्रेषित पौलाचं जहाज वादळात, रात्रीची वेळ, खडकांची भीती, मागच्या बाजूने चार नांगर टाकून उजाडायची वाट बघतायत. पौलाला तर देवाकडून शब्द मिळालेला की कोणी मरणार नाही, तरी तो पहाटे सगळ्यांना काय सांगतो, जेवून घ्या! २७६ माणसं जेवली, मग जहाज हलकं करायला गहू समुद्रात टाकला, आणि सकाळी ते चारही नांगर कापून जहाज किनाऱ्याकडे घातलं.

आणि त्याच रात्री काही खलाशी पुढच्या बाजूने नांगर टाकतो असं सांगून छोटी होडी पाण्यात सोडून पळायच्या बेतात होते, पौलाने ओळखलं आणि शिपायांनी त्या होडीचे दोरच कापले. बैठकीतल्या त्या गृहस्थांना तिसावी ते बत्तिसावी ओवी तेवढी वाचायला सांगा. ओवी नव्हे, वचन. आमच्याकडे ख्रिस्तपुराण वाचतात, त्यात ओव्याच असतात, तोंडात तेच बसलंय.