कारखाना विकला, दलालीच्या कराराचं काय?

‘धंदा आवरतोय, पण एजंटशी केलेल्या कराराची चार वर्षं शिल्लक आहेत. तेवढ्या वर्षांची दलाली अंगावर येईल का?’ हा प्रश्न घेऊन वर्षाकाठी दोन-तीन जण तरी माझ्याकडे येतात. त्यातलेच एक सोलापूरचे टॉवेलवाले. अण्णा म्हणू त्यांना.

अण्णांचे माग अक्कलकोट रोड एमआयडीसीत. गुडघे गेलेले, मुलीला या धंद्यात रस नाही, आणि शेड, माग, छाप असं सगळं घेणारं गिऱ्हाईक समोरून आलेलं. अडकलं होतं ते इंदूरच्या एजंटापाशी. त्याच्याशी २०१९ मध्ये दहा वर्षांचा करार झालेला, मध्य प्रदेशातल्या विक्रीवर ३ टक्के. वर्षाला साधारण सहा लाख दलाली जायची. अण्णांनी वहीच्या मागच्या पानावर सहा चोक चोवीस लाख लिहून त्याभोवती गोल केला होता. भाच्यानं सुचवलं होतं, पेढी बंद दाखवा, मामींच्या नावानं नवी काढून तीच विका. मी म्हटलं, हा कागद फाडा आधी. मालकीची पेढी आहे, शटर ओढलं तरी देणं अण्णांच्याच अंगावर राहतं. वर उद्या कोर्टात गेलं तर नियतच खोटी ठरेल.

करार मागवला. मुद्रांकावर दोन पानं, मुदतीआधी संपवायचं कलमच नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २०५ सांगतं की मुदत ठरलेली असताना पुरेशा कारणाशिवाय एजन्सी मोडली तर भरपाई द्यावी लागते. २०६ प्रमाणे वाजवी मुदतीची सूचना द्यायची, नाहीतर त्यापायी झालेलं नुकसान भरून द्यायचं. पण धंदाच विकला तर ते ‘मोडणं’ होतं का? इथे जुने दोन इंग्लिश निवाडे मी अशिलांना गोष्टीसारखे सांगतो. १८७६ च्या ऱ्होड्स विरुद्ध फॉरवुडमध्ये लिव्हरपूलचा एजंट एका खाणीचा कोळसा सात वर्षं विकणार होता. मालकानं मधेच खाण विकली. एजंटाला भरपाई मिळाली नाही, कारण खाण चालू ठेवीन असं मालकानं कुठे कबूल केलंच नव्हतं. १८९१ च्या टर्नर विरुद्ध गोल्डस्मिथमध्ये शर्टांचा कारखाना जळाला, तरी एजंट जिंकला. करारात ‘तयार केलेला किंवा विकलेला’ माल असे शब्द होते आणि विकायला स्वतःचा कारखाना लागत नाही. आपल्या कोर्टांवर हे निवाडे बंधनकारक नाहीत, पण भांडण कुठे होणार हे त्यातून कळतं.

अण्णांच्या करारात पहिल्या कलमात ‘आमच्या कारखान्यात तयार होणारा माल’, सातव्यात ‘पेढीतर्फे विकला जाणारा कोणताही माल’. आणि सणासुदीला ते शेजाऱ्याचे टॉवेल घेऊन विकायचेही! म्हणजे चोवीस लाख नक्कीच नव्हेत, पण शून्यही सांगता येईना. भरपाई नुकसानीची असते. एजंट मोकळा झाला की दुसऱ्याचा माल विकणारच, तेही धरलं जातं.

“मग नोटीस धाडू?” अण्णा.

“आधी फोन करा.”

पंधरा दिवस त्यांनी तो केला नाही. कायद्यापेक्षा त्यांना जड जात होतं ते हेच. मुलीच्या लग्नात हा माणूस तीन दिवस राबला होता. शेवटी माझ्यासमोर लावला. पलीकडून इंदुरी मराठीत उत्तर आलं, “भाऊसाहेब, बाजारात मला दोन महिन्यांपूर्वीच कळलं. तुमच्या तोंडून कधी ऐकतो, एवढंच बघत होतो.”

पुढे सव्वा महिना घासाघीस चालली. ठरलं ते असं: तीन महिन्यांची सूचना, तोवर घेतलेल्या ऑर्डरींची दलाली वसुलीप्रमाणे, सुरुवातीला घेतलेली दोन लाखांची अनामत परत, वर साडेचार लाख एकरकमी आणि ‘काही येणं उरलं नाही’ असा सही-शिक्क्याचा कागद. खरेदीदाराला मी करार आधीच दाखवायला लावला होता. लपवला असता तर तो उद्या अण्णांच्याच मागे लागला असता. जुना करार त्याच्या गळ्यात एजंटाच्या संमतीशिवाय घालता येत नव्हता. त्यानं स्वतःहून एजंटाशी वर्षभरासाठी २ टक्क्यांवर बोलणी केली. इंदूर-भोपाळच्या दुकानदारांनाही पत्रं गेली, कारण त्यांना कळेपर्यंत एजंटानं घेतलेली ऑर्डर अण्णांच्या नावावरच लागते.

एक गोष्ट मात्र राहिली. एजंटाकडे परतीच्या मालाचे अकरा गठ्ठे होते. अण्णा म्हणाले, ते आधी पाठवा. मी थांबवलं, कारण दलाली थकलेली असेपर्यंत कलम २२१ प्रमाणे तो माल अडवून ठेवू शकतो. पैसे चुकते झाले, गठ्ठे मात्र आलेच नाहीत. ट्रकभाडं कुणी द्यायचं यावर दोघंही अडून बसलेत, आणि त्या निमित्तानं दर रविवारी फोन होतो म्हणे.