बोट सुटेना, विमान थांबेना

वाचकांचे प्रश्न : बेटांवरची सहल आणि बिघडलेलं हवामान

प्रश्न : आम्ही सात मित्र मे महिन्याच्या शेवटी अंदमानला गेलो होतो. आधी तीन दिवस पोर्ट ब्लेअर, मग नील, शेवटी हॅवलॉक. हॅवलॉकहून सकाळची बोट धरायची आणि त्याच दुपारी विमान गाठायचं, असा बेत होता. बोटी दोन दिवस बंद राहिल्या. विमान गेलंच, शिवाय चेन्नई-पुणे तिकीट वेगळं काढलेलं होतं, तेही बुडालं. डिसेंबरात पुन्हा जायचंय. बेत कसा आखावा? (कोथरूड)

उत्तर : तुमचा बेत उलटा केला की बरंचसं काम होतं. पाण्यापलीकडची बेटं आधी उरकायची आणि विमानतळ ज्या बेटावर आहे, तिथे शेवटच्या दोन रात्री काढायच्या. दोन शक्य नसतील तर एक तरी. विमानाच्या आदल्या रात्री तुमच्या आणि विमानतळाच्या मध्ये समुद्र नको, एवढं सांभाळलंत तर बाकीच्या चुका पैशांवर निभावतात.

सात रात्रींचं गणित असं बसतं : पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, पुढच्या तीन हॅवलॉक, एक नील, शेवटच्या दोन पुन्हा पोर्ट ब्लेअर. आता यातली खोच. पहिल्या संध्याकाळी पोर्ट ब्लेअर ‘करून टाकू’ नका. सेल्युलर जेल, 1883 पासूनची चॅथमची सॉ मिल, समुद्रिका संग्रहालय ही सगळी बोटीविना होणारी ठिकाणं आहेत. चॅथम हे बेट खरं, पण पुलाने जोडलेलं. ही यादी म्हणजे तुमची शिल्लक. जाताना बोट रद्द झाली तर त्या दिवशी वापरा, नाही झाली तर शेवटी आहेच. तुम्ही ती पहिल्याच तीन दिवसांत खर्च केलीत. म्हणजे बोटी वेळेवर सुटून तुम्ही परतला असतात, तरी शेवटी पाहायला काही उरलं नसतं.

डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, कारण घड्याळ आपलं आणि सूर्य बराच पूर्वेचा. म्हणून ‘सकाळची बोट गेली तर संध्याकाळची धरू’ हा पुणे-मुंबई गाड्यांचा हिशेब तिथे चालत नाही. दुपार टळली की तो दिवस गेला असं समजा. तिकीट काढताना नावांचा घोळ होऊ देऊ नका. हॅवलॉक आता स्वराज द्वीप आहे, नील शहीद द्वीप (दोन्ही 2018 पासून) आणि पोर्ट ब्लेअर 2024 पासून श्री विजयपुरम.

अडकलातच, तर पहिल्या तासात तीन कामं करा. पहिलं, हॉटेलच्या काउंटरवर जाऊन खोली वाढवून घ्या. खोली मिळणार नाही म्हणून लोक उगाच घाबरतात. बोटी बंद म्हणजे नवे पाहुणेही येत नाहीत, खोल्या रिकाम्याच असतात. भाव मात्र तिथल्या तिथे ठरवा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या. दुसरं, विमान सुटायच्या आधी तिकिटाची तारीख बदला. तारीखबदलाचा आकार आणि भाड्यातला फरक द्यावा लागेल, पण सुटल्यानंतर तुम्ही ‘आलेच नाहीत’ अशी नोंद होते आणि हाती जवळजवळ काही लागत नाही. तिसरं, बोटवाल्यांकडून फेरी रद्द झाल्याचं लेखी घ्या, निदान तसा मेसेज जपून ठेवा.

समुद्र खुला झाल्यावर खरी गर्दी उसळते. दोन दिवसांचे अडकलेले आणि त्या दिवशीचे, सगळे एकाच धक्क्यावर. रद्द झालेल्या तिकिटावर दुसऱ्या दिवशीची जागा आपोआप मिळेल असं धरून बसू नका. पैसे परत की नवी तारीख, हे त्याच दिवशी काउंटरवर विचारून पक्कं करा. सातही जणांना एकाच बोटीत जागा हवी हा हट्टही सोडा. ज्यांचं विमान आधी, ते आधी.

परतीची दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी तिकिटं चारपाचशे रुपयांनी स्वस्त दिसतात. पण पहिलं विमान पावसामुळे लांबलं, तर दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नसतं.

प्रश्न : आकाश निळं, ऊन पडलेलं, वारा बेताचा, आणि धक्क्यावर सांगतात बोट रद्द! हे कशाच्या आधारे ठरवतात? आपल्याला आधी कळू शकतं का? (सिंहगड रस्ता)

उत्तर : ऊन पाहून समुद्राचा अंदाज बांधणं म्हणजे डेक्कनला पाऊस नाही म्हणून खडकवासल्यातून विसर्ग सोडणार नाहीत असं समजण्यासारखं आहे. शेकडो किलोमीटर दूर वादळ घोंघावत असतं आणि तिथे उठलेल्या लाटा दोन-दोन दिवस प्रवास करून तुमच्या बेटाशी येतात. आकाशाला त्याची खबरही नसते.

खुल्या समुद्रात मोठी बोट बऱ्याच लाटा पचवते. अडचण धक्क्याशी होते. लाट आली की बोट धक्क्यापेक्षा मीटरभर वर, गेली की मीटरभर खाली, आणि मधल्या फळीवरून सामानासकट माणसं चढवायची. पाय घसरला तर माणूस बोट आणि काँक्रीट यांच्या मधल्या फटीत. म्हणून कप्तानाला समुद्र जमला तरी धक्का जमत नाही आणि फेरी रद्द होते.

आधी कळण्यासाठी दोन ठिकाणं पुरेत. एक, भारतीय हवामान विभागाचं अंदमान-निकोबारसाठीचं पत्रक. त्यात पर्यटकांसाठी काय लिहिलंय ते सोडा, मच्छीमारांसाठी काय लिहिलंय ते वाचा. ‘समुद्रात जाऊ नये’ असं असलं की तुमची बोटही डळमळीत. ताशी सुमारे 62 किलोमीटर वारा झाला की वादळाला चक्रीवादळ म्हणतात, पण फेऱ्या त्याच्या बऱ्याच आधी थांबतात. तेव्हा ‘चक्रीवादळ नाही ना, मग काय’ असं म्हणू नका. दोन, हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा समुद्रस्थितीचा अंदाज. त्यात लाटांची उंची दिलेली असते, ती सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. म्हणजे 2 मीटर लिहिलं असेल तर मधूनच साडेतीन-चार मीटरची लाटही येऊ शकते. दोन लाटांमधले सेकंदही पाहा. पाच-सहा सेकंद असतील तर बोट सतत आपटत राहते, पोट ढवळतं. बारा-चौदा असतील तर खुल्या पाण्यात गुळगुळीत वाटतं, पण किनाऱ्याशी आणि धक्क्याशी तीच लाट जोर दाखवते.

बंदरावरचा बावटाही वाचायला शिका. 1 आणि 2 म्हणजे गडबड दूर आहे. 3 आणि 4 म्हणजे ती बंदराच्या वाटेवर आहे. 5 पासून 10 पर्यंत धोका, महाधोका. 11 म्हणजे इशारा केंद्राशी संपर्कच तुटलाय. तीन नंबरचा बावटा लागल्याचं कळलं की त्या दिवसाचा बेत मनातून काढून टाका.

आणि ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही मे महिन्यातली बातमी. पुण्यात ती वाचून आपण सुखावतो, पण तिथे सुटीवर असलेल्यांसाठी तीच बातमी बोट रद्द होण्याची नांदी असते. अंदमानला ईशान्य मान्सूनही भिजवतो, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरही बिनघोर नाहीत. डिसेंबर 2016 मध्ये तर हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले आणि त्यांना नौदलाने बाहेर काढलं. कोथरूडकरांनीही हे वाचावं.

प्रश्न : मला बोट लागते. खवळलेल्या समुद्रात दीड-दोन तास कसे काढू? (हडपसर)

उत्तर : गोळी निघण्याआधी घ्यायची, पोट ढवळल्यावर नाही. तेव्हा ती पोटात टिकतच नाही. अ‍ॅव्होमीनसारख्या गोळ्या साधारण एक-दोन तास आधी घेतात, पण झोप येते. बाकीची औषधं चालू असतील किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच. जागा मागची-मधली, खालच्या मजल्यावरची घ्या, कारण नाकाकडे बोट सर्वांत जास्त उचलली जाते. मोबाइल बंद, नजर क्षितिजावर. सकाळी पोट रिकामंही नको आणि मिसळ खाऊनही नको. दोन इडल्या, थोडं पाणी, खिशात आलेपाक. स्कूबा करणार असाल त्या दिवशी झोप आणणारी गोळी नको. आणि हवामानामुळे डायव्हिंग पुढे ढकललं गेलं, तर शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसेपर्यंत किमान 18 तास जाऊ द्या. म्हणूनही शेवटची जादा रात्र हवी.

प्रश्न : प्रवास विमा काढला होता. भरपाई मिळेल का? विमान कंपनीकडून काही? (औंध)

उत्तर : विमा कधी काढला हे महत्त्वाचं. वादळाची बातमी आल्यानंतर काढलेल्या विम्यात ते वादळ सहसा धरत नाहीत. पॉलिसीत विलंबाचे किमान तास किती आणि फेरीबोट त्यात बसते की फक्त विमान, हे पाहा. विमान हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत किंवा दुसऱ्या विमानात जागा मिळते, वेगळी भरपाई नाही. विमान उडालं आणि तुम्ही बेटावर राहिलात, तर तिकीट बुडतं, पण सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मागता येतं. न मागता क्वचितच मिळतं.

प्रश्न : आठ जणांतल्या दोघांना ऑफिसमुळे महागड्या तिकिटाने आधी परतावं लागलं. त्यांचं म्हणणं, वाढीव खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा. भांडण अजून मिटलेलं नाही. (कर्वेनगर)

उत्तर : खोली, जेवण, जीप हे ज्या-ज्या रात्री जे-जे होते त्यांच्यात वाटायचं. आधी परतण्याचा निर्णय ज्याचा, तिकीट त्याचं. टीटीएमएम म्हणजे तुझं तू, माझं मी, हे इथे अगदी रास्त आहे. फक्त दोघांनी सोडलेल्या रात्रीचे आगाऊ भरलेले पैसे परत आले असतील, तर ते त्यांचे. पुढच्या वेळी निघण्याआधीच माणशी तीन हजार रुपये ‘अडकलो तर’ म्हणून एकाकडे जमा करा आणि ते रोख ठेवा. वाऱ्यापावसात वीज आणि मोबाइल टॉवर बसले की यूपीआयही बसतं. तेव्हा सगळ्यांचे फोन पेटत असतात, पण चहाचे वीस रुपये कुणाकडेच नसतात.

प्रश्न : एवढं लांब नको, एक-दोन दिवसांत होणारं बेट सांगा. पावसाळ्यात जावं का? (धायरी)

उत्तर : पावसाळ्यात नको. मालवणच्या सिंधुदुर्गाची आणि राजापुरीहून जंजिऱ्याची प्रवासी वाहतूक त्या दिवसांत बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून घेतलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला म्हणजे दुसऱ्या दिवशी समुद्र शांत, असंही नाही. सप्टेंबरातही फोन करून निघा.

हिवाळ्यात अलिबागचा कुलाबा किल्ला मात्र सुरेख. ओहोटीला पायी जाता येतं, आणि इथे हवामान चांगलं असूनही माणसं अडकतात. साधा हिशेब : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, ढोबळमानाने. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अष्टमीच्या आसपास भांगाची ओहोटी असते, तेव्हा पाणी पुरतं हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी लांब जातं आणि तितक्याच वेगाने परत येतं. ओहोटीच्या दोन तास आधी निघा आणि ओहोटीनंतर तासाभरात अलिबागच्या वाळूवर परत या. वेळेची खात्री किनाऱ्यावरच्या होडीवाल्याकडून करून घ्या. उशीर झालाच, तर पाण्यात उतरू नका. किल्ल्यातच थांबा, होडी मिळाली तर उत्तम, नाहीतर पुढची ओहोटी.