जिम रीव्ज १९६४ मध्ये वारला, मग त्याची १९६६ ची तबकडी आमच्या घरी कशी?

वडिलांच्या ट्रंकेत तुम्हाला 'डिस्टंट ड्रम्स' सापडली, तिच्यावर साल १९६६ आहे आणि गायक तर दोन वर्षं आधीच गेलेला. ही छपाईची चूक आहे का, आणि हा माणूस होता तरी कोण, असं तुम्ही विचारलंय. चूक नाही. उलट, या गायकाची खरी गंमत त्या दोन वर्षांच्या फरकातच आहे.

मी वसईचा. आमच्या आळीत डिसेंबर उजाडला की कुणाच्या तरी ओटीवर जिम रीव्जची नाताळची गाणी सुरू व्हायचीच. आजोबांना इंग्रजी बेताचंच यायचं, पण याचा शब्द न् शब्द पाठ. लहानपणी मला तो वांद्र्याचाच कुणीतरी वाटायचा. टेक्सासचा आहे हे कळलं तेव्हा थोडा हिरमुसलोच होतो.

जन्म २० ऑगस्ट १९२३, पूर्व टेक्सासातल्या गॅलोवे नावाच्या खेड्यात. वर्षाचा व्हायच्या आत वडील गेले, आईने एवढं मोठं खटलं शेतात राबून वाढवलं. पोराला गाण्याचा नाद होता, पण पोट भरायला त्याने बेसबॉल धरला. चेंडू टाकायचा. सेंट लुईस कार्डिनल्स या मोठ्या संघाच्या खालच्या फळीत खेळला. मग पायाची नस दुखावली आणि खेळ सुटला. त्यानंतर रेडिओवर निवेदकाची नोकरी. लुइझियानात श्रीव्हपोर्टच्या केंद्रावरून 'लुइझियाना हेराइड' हा गाण्यांचा कार्यक्रम लागायचा, तिथे हा गायकांची नावं पुकारायचा. एका रात्री ठरलेला गायक पोचलाच नाही, म्हणून निवेदकालाच उभं केलं, असं सांगतात. १९५३ मध्ये 'मेक्सिकन जो' अमेरिकेच्या कंट्री (म्हणजे तिथल्या गावाकडच्या वळणाच्या) गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि निवेदकाचा गायक झाला.

ती सुरुवातीची गाणी आज ऐकाल तर ओळखणार नाही. चढा आवाज, उडती चाल, मागे फिडल. तेव्हाची कंट्री गाणी अशीच असायची, कारण ती नाचघरातल्या गलबल्यावरून ऐकू जायला हवीत.

बदल झाला १९५७ मध्ये, 'फोर वॉल्स'पासून. आरसीए कंपनीचा निर्माता चेट अ‍ॅटकिन्स (स्वतः नामांकित गिटारवादक) म्हणाला, हे गाणं बाईच्या आवाजातलं आहे. रीव्ज हटून बसला. आणि गायला ते ओठ मायक्रोफोनला जवळजवळ टेकवून, अगदी हळू. फिडल नाही, स्टील गिटार नाही, मागे मंद कोरस. ध्वनिमुद्रकांना ते पसंत नव्हतं, अ‍ॅटकिन्सने मात्र पाठीशी घातलं. बैठकीत आवाज फेकणारा गवई आणि माइकशी बोलल्यासारखा गाणारा भावगीतगायक यांच्यात जो फरक, तोच इथे समजा. मला वाटतं निवेदकाची नोकरी इथे कामी आली. श्रोता आपल्यापासून हातभर अंतरावर बसलाय, हे रेडिओवर बोलणाऱ्याला शिकवावं लागत नाही. पुढे ज्याला नॅशव्हिल या कंट्री गाण्यांच्या माहेरघरावरून 'नॅशव्हिल साउंड' म्हणायला लागले, त्याच्या पायाच्या दगडांपैकी हा एक.

मग १९५९ च्या शेवटी 'ही'ल हॅव टू गो'. नायक बारमधून प्रेयसीला फोन करतोय, तिच्याजवळ दुसरा कुणीतरी आहे, आणि हा म्हणतो, तोंड फोनच्या अजून जवळ आण. गीतकार जो अ‍ॅलिसनची बायको ऑड्री फोनवर इतकी हळू बोलायची की त्याला खरोखरच असं सांगावं लागायचं; गाणं दोघांच्या नावावर आहे. कंपनीने ते तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलं होतं. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी केली. कंट्री यादीत १४ आठवडे पहिलं, आणि पॉपच्या यादीत दुसरं.

त्यानंतर तो अमेरिकेपेक्षा बाहेरच जास्त गाजला म्हटलं तरी चालेल. १९६२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत (वर्णद्वेषी राजवटीचे दिवस होते ते) गेला, तिथे भाषा येत नसताना आफ्रिकान्समध्ये गाणी ध्वनिमुद्रित केली, एका सिनेमात नायकही झाला. १९६३ मध्ये आयर्लंडमध्ये हॉलचे पियानो बेसूर म्हणून वैतागला. एप्रिल १९६४ मध्ये ऑस्लोतला कार्यक्रम तिथल्या टीव्हीने चित्रित केला. तो मिळाला तर बघाच: अंगविक्षेप नाहीत, अडखळणं नाही, प्रत्येक व्यंजन लख्ख. आपल्याकडे तो का रुजला याचं माझ्यापुरतं उत्तर हेच. त्याचं इंग्रजी आजोबांना कळायचं.

३१ जुलै १९६४ ला तो आर्कान्साहून नॅशव्हिलला परतत होता. छोटं विमान, स्वतःच चालवत होता, सोबत त्याचा पियानोवादक डीन मॅन्युएल. शहराजवळ वादळात सापडले. ब्रेंटवूडच्या रानात शोध चालला, गायक-वादक मंडळीही त्यात होती. अवशेष सापडले २ ऑगस्टला. तो गेला तेव्हा एकेचाळिसावा वाढदिवस वीस दिवसांवर होता.

आता तुमची तबकडी. रीव्ज ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत साठेबाज होता. बाजारात न आलेली गाणी, आणि गीतकारांना नमुना म्हणून गाऊन दिलेल्या फिती, असा बराच ऐवज मागे राहिला. पत्नी मेरीने तो जपला आणि कंपनीबरोबर बेताबेताने बाहेर काढला. 'डिस्टंट ड्रम्स' हा मुळात गीतकार सिंडी वॉकरसाठी केलेला नमुना. गायकाच्या पश्चात त्यावर वाद्यवृंद चढवला आणि १९६६ मध्ये ते ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर बसलं. बीटल्सच्या ब्रिटनमध्ये, लक्षात घ्या! जिवंतपणी अमेरिकेच्या कंट्री यादीत त्याची पाच गाणी पहिली आली होती. मरणानंतर सहा.

कारागिरी तिथेही थांबली नाही. गायिका पॅट्सी क्लाइनही १९६३ मध्ये नॅशव्हिलला परततानाच विमान अपघातात गेली होती. दोघांनी एकत्र कधी ध्वनिमुद्रण केलं नव्हतं. १९८१ मध्ये अ‍ॅटकिन्स आणि क्लाइनचा निर्माता ओवेन ब्रॅडली यांनी दोघांच्या तीन पट्ट्यांच्या फितींवरून (त्यांत गळा आणि वाद्यं वेगवेगळ्या पट्ट्यांवर असतात) फक्त गळे उचलले, एका लयीत बसवले, खाली नवी वाद्यं घातली आणि युगुलगीत तयार केलं. तेही गाजलं. मला ते ऐकताना थोडं अवघडल्यासारखं होतं. आजोबांना मात्र काही वाटलं नाही, ते म्हणाले, "दोघंही सुरात आहेत ना?"

तुमच्या तबकडीवर ओरखडे नसतील तर हेडफोन लावून ऐका. आवाज आधीचा आहे, वाद्यवृंद नंतरचा. दोन्हींमधली शिवण मी पुष्कळ वेळा शोधली, सापडली नाही. तुम्हाला सापडली तर इथे लिहा.