भुंगा म्हणजे नेमका कोण?

प्रश्न असा आहे: लाकडाला भोक पाडणारा काळा भुंगा मधमाशीच्या कुळातला, असं वाचनात आलं. मग नारळावरचा गेंड्या भुंगाही मधमाशीच का? आणि गांधीलमाशी यात कुठे बसते?

'भुंगा' हा शब्द आपण दोन अगदी निराळ्या कीटकांना लावतो, घोळ तिथेच आहे. जुना अर्थ माशीचा. संस्कृतातल्या 'भृंग'वरून तो आला, आणि भृंग काय, भ्रमर काय, दोन्ही फुलांवर गुणगुणणारे. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला स्नेहाने कसं घेरलं ते सांगताना भ्रमराचा दृष्टांत येतो: कसलंही कोरडं लाकूड लीलया पोखरणारा हा जीव कोवळ्या कळीत मात्र सापडतो. कळीतली कैद काव्यातली म्हणू, पण लाकूड पोखरणं हे डोळ्यांनी पाहिलेलंच आहे. फुलावर जाणारा आणि लाकूडही कोरणारा हा जीव म्हणजे आपला काळा भुंगा, हल्लीच्या लेखनातली सुतार माशी. शब्दाच्या मूळ अर्थाला याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

तिचं काम जवळून बघण्यासारखं असतं. मादी सुक्या लाकडात किंवा बांबूत कंपासने आखल्यासारखं गोल भोक पाडते. लाकूड ती खात नाही, भुसा बाहेर पडतो. आत पराग आणि मकरंदाचा गोळा ठेवून त्यावर एक अंडं घालते, भुशाचा पडदा लावते आणि त्यापुढे दुसरी खोली करते. उन्हात तिचे काळे पंख निळे-जांभळे चमकतात.

गेंड्या भुंगा, सोंड्या भुंगा, हुमणीचे भुंगेरे ही मंडळी वेगळी. यांचे पुढचे पंख म्हणजे टणक झाकणं. ती पाठीवर मधोमध सरळ रेषेत मिळतात आणि उडायचे पंख त्यांखाली घडी घालून ठेवलेले असतात. पाठीवर ती रेघ दिसली की माशीचा विषय संपला. यांच्यासाठी सरसकट 'भुंगेरा' वापरावा, असं माझं आग्रहाचं मत आहे. 'गेंड्या भुंगा' शेतीच्या भाषेत इतका रुळला आहे की तो बदलायला जाऊ नये.

गांधीलमाशी ना भुंगा, ना मधमाशी. कंबर बारीक, अंग बहुतेक गुळगुळीत. मधमाशीच्या अंगावर लव असते आणि कामकरी माशीच्या मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या दिसतात. गांधीलमाशीचं घर चावलेल्या लाकडाच्या लगद्याचं, कागदासारखं, मधमाशीचं मेणाचं.

'मधमाशी' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे आग्या, सातेरी, फुलोरी असतात. आग्याचं एकच मोठं पोळं उंचावर उघड्यावर लटकतं, फुलोरीचं छोटंसं झुडपाच्या फांदीभोवती, तर सातेरी ढोलीच्या अंधारात समांतर पोळी बांधते. पानं गोल कापून नेणाऱ्या किंवा जमिनीत एकेकट्या राहणाऱ्या माश्या मात्र मधाचा साठा करत नाहीत. त्यांना 'पानकापी माशी', 'एकांडी माशी' म्हणावं, म्हणजे 'मध' शब्दाने दिशाभूल होत नाही.

आणि पिवळे-काळे पट्टे असलेली, फुलापुढे हवेत जागच्या जागी स्थिर राहणारी माशी दिसली तर पंख मोजा. चारऐवजी दोनच असतील, डोळे मोठे आणि मिशा अगदी आखूड असतील, तर ती सिरफिड माशी. तिला नांगी नसते.