अल-झूरच्या भरवशावर पनवेलचा फ्लॅट?

प्रश्न: कुवेतच्या अल-झूर रिफायनरीत कंत्राटदाराकडे चार वर्षं पाइपिंग सुपरवायझर आहे. हातात महिन्याला 1.6 लाख पडतात, त्यातले 40 हजार घरी लागतात. 25 लाख साठलेत. पनवेलला बांधकाम चालू असलेला 85 लाखांचा टू बीएचके घ्यायचाय, 60 लाख कर्ज काढून. अल-झूर, ओमानचं दुक्म, इराकचं करबला, बहरीन, सगळीकडे रिफायनऱ्या वाढतायत, म्हणजे पंधरा वर्षं कामाला मरण नाही. घेऊ ना?

उत्तर: तुमची यादीच आधी बघू. अल-झूर दिवसाला 6 लाख 15 हजार बॅरलची, ती पूर्ण क्षमतेने चालूही झाली. करबला 2023 मध्ये सुरू झाली. दुक्मचं उद्घाटन फेब्रुवारी 2024 ला उरकलं, बहरीनच्या विस्ताराचं त्याच वर्षी डिसेंबरात. अहो, ही सगळी बांधून झालेली कामं आहेत! रिफायनरी उभी करायला हजारो फिटर-वेल्डर लागतात, चालवायला त्यातले थोडेच. कंत्राटी माणसाच्या वाट्याला मग शटडाऊनचं, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट थोडे दिवस बंद ठेवतात तेव्हाचं, काम येतं, तेही हंगामी. आणि कुवेतनेच 2017 मध्ये शुऐबाची जुनी रिफायनरी बंद केली, हेही तिथल्या जुन्या लोकांना विचारा.

पुढचं मोठं काम पेट्रोकेमिकलचं दिसतंय. सौदीत जुबैलला अमिराल प्रकल्पाची कंत्राटं 2023 मध्ये दिली गेली. तिथे तुम्हाला काम मिळेलही, पण नवी कंपनी, नवा व्हिसा, मधले तीन-चार महिने बिनपगारी. हप्ता थांबत नाही.

साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी 60 लाखांचा हप्ता 52 हजार. पगार चालू असताना जड नाही. पण 25 लाख फ्लॅटमध्ये घातल्यावर हातात शून्य, वर सव्वाचार लाख जीएसटी आणि शिवाय स्टँप ड्युटी कुठून आणणार? आज कंपनीने काम संपवलं, तर चार वर्षांची ग्रॅच्युइटी 60 दिवसांच्या पगाराएवढी.

मी तुमच्या जागी असतो तर तयार, रिसेलचा वन बीएचके पाहिला असता, सगळा खर्च धरून 50 लाखांत. 15 लाख घालायचे, 35 लाख कर्ज, हप्ता 30 हजार. उरलेले 10 लाख एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) एफडीत. हप्ता आणि घरखर्च मिळून चौदा महिने निघतील. (व्याजावर तुम्ही अनिवासी आहात तोवर इथे करही नाही.)

त्याआधी साइट ऑफिसात विचारा: तुमचं नाव कायम मेंटेनन्सच्या यादीत आहे की शटडाऊनच्या, आणि ते कंत्राट कधी संपतं? उत्तर मिळेपर्यंत बिल्डरला टोकन देऊ नका.