जलीय अन्न जगाची अन्नव्यवस्था खरंच बदलेल का?

तुम्ही विचारलंय की मासे, शिंपले, शेवाळ असं ‘जलीय अन्न’ जगाची अन्नव्यवस्था बदलणार हे जे सारखं ऐकू येतं त्यात तथ्य किती, आणि त्या नादात समुद्रच रिकामा होणार नाही ना. माझं काम माशांच्या खाद्याशी संबंधित आहे, त्यामुळे मी या सगळ्याकडे जरा मागच्या दाराने बघतो. तथ्य आहे, पण ‘अजून किती टन काढता येतील’ या हिशेबात ते सापडत नाही. कोणता मासा कोणाच्या पोटात जातो, तिथे सापडतं.

आधी टनांचं उरकून घेऊ. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ साली जगात सुमारे १८.५ कोटी टन जलचर प्राण्यांचं उत्पादन झालं, शेवाळ वेगळं. त्या वर्षी पहिल्यांदाच मत्स्यशेतीने मासेमारीला मागे टाकलं. समुद्रातली पकड १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून जवळपास तिथल्या तिथेच आहे आणि २०२१ साली सागरी माशांच्या तपासलेल्या साठ्यांपैकी ३७.७ टक्के साठ्यांमधून झेपेल त्यापेक्षा जास्त उपसा होत होता. त्यामुळे तुमची भीती रास्त आहे, आणि वाढ व्हायची ती तळ्यांत, खाड्यांत, पिंजऱ्यांतच.

मत्स्यशेती म्हटलं की लोक सुस्कारा सोडतात: चला, समुद्र वाचला. इथेच माझं दुकान मधे येतं. पाळलेला मासा खातो काय? कोळंबीच्या किंवा सामनच्या खाद्याची गोळी बोटांत चुरडून बघा. सोयापेंड, गहू, जीवनसत्त्वांची पूड आणि तो हाताला दिवसभर चिकटून राहणारा वास फिशमीलचा, म्हणजे सुकवून दळलेल्या माशांच्या भुकटीचा. एक किलो फिशमील बनवायला साधारण चार ते पाच किलो ताजे मासे लागतात. पेरूच्या किनाऱ्यावरचा अँचोवेटा, म्हणजे आपल्या मांदेलीच्याच कुळातला, ही एकाच जातीची जगातली सर्वांत मोठी मासेमारी. त्यातला जवळजवळ सगळा मासा थेट कारखान्यात जातो, ताटात नाही. एल निनोच्या वर्षी पाणी तापतं, मासा खोल जातो किंवा पांगतो. २०२३मध्ये पेरूने मुख्य पट्ट्यातला पहिला हंगामच रद्द केला आणि माशांच्या तेलाचे भाव जगभर भडकले.

पेरूत निदान त्या माशाला घरचं गिऱ्हाईक आधीपासून कमी होतं. सेनेगल, गांबिया, मॉरिटानिया इथली गोष्ट जास्त बोचणारी आहे. तिथली तारली हे गरिबाचं रोजचं अन्न. किनाऱ्यावर फिशमीलचे कारखाने आले, आणि मासे खारवून-धुरवून विकणाऱ्या बायकांना त्याच माशासाठी कारखान्याशी बोली लावावी लागली. टनांच्या तक्त्यात हे दिसत नाही. तिथे सामनचं उत्पादन वाढलेलं दिसतं एवढंच.

खाद्यवाल्यांची बाजूही सांगायला हवी. नॉर्वेच्या सामनच्या खाद्यात १९९०च्या सुमारास ९० टक्के घटक समुद्रातून यायचे, आता ते ३० टक्क्यांच्याही खाली आलेत. उरलेली जागा मुख्यतः सोया आणि वनस्पती तेलांनी घेतली, म्हणजे समुद्रावरचा काही भार जमिनीवर सरकला. रोहू-कटल्यासारख्या कार्प जातींना फिशमील फारसं लागतच नाही. कालवं आणि शिणाणे यांना तर काहीच घालावं लागत नाही, ते पाणी गाळून आपलं पोट भरतात आणि हरितगृह वायूंच्या हिशेबात बहुतेक सगळ्या प्राणिज अन्नापेक्षा स्वस्तात पडतात. शेवाळाबद्दल मात्र माझा उत्साह बेताचाच. भाषणांत ते जगाचं पोट भरतं, प्रत्यक्षात त्याचा मोठा हिस्सा पदार्थ घट्ट करणारे घटक काढायला जातो, आणि काही जातींत आयोडीन इतकं असतं की पोटभर खायची सोयच नाही.

आता ज्या उदाहरणामुळे माझा या विषयावर विश्वास बसला ते. बांगलादेशातल्या तळ्यांत मोला नावाचा बोटभर लांबीचा मासा असतो. कार्पची शेती शिकवताना शेतकऱ्यांना सांगितलं जायचं की हा तण-मासा आहे, पिल्लं सोडण्याआधी विष घालून साफ करा. पोषणशास्त्रज्ञ शकुंतला हरकसिंग थिलस्टेड यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं पृथक्करण केलं, तर १०० ग्रॅम मोलात अ जीवनसत्त्व २,५०० मायक्रोग्रॅमच्या वर निघालं. त्याच तळ्यातल्या चंदेऱ्यात (सिल्व्हर कार्पमध्ये) ते ३० मायक्रोग्रॅमसुद्धा नव्हतं. मोलातलं बहुतेक जीवनसत्त्व डोळ्यांत आणि आतड्यांत असतं, म्हणजे मोठा मासा साफ करताना आपण जे फेकतो नेमकं तिथे. मोला डोक्याकाट्यासकट खातात, त्यामुळे कॅल्शियमही पोटात जातं. मग कार्प आणि मोला एकाच तळ्यात ठेवून पाहिले, कार्पचं उत्पादन काही घटलं नाही. व्यवहाराच्या दृष्टीने याहून महत्त्वाचं असं, की मोला तळ्यातच वीण घालतो, दर थोड्या दिवसांनी थोडाथोडा काढता येतो. कार्प एकदम निघतो आणि बाजारात जातो. मोला घरातली बाई संध्याकाळच्या कालवणापुरता काढते आणि तो पोरांच्या ताटात पडतो. थिलस्टेड यांना या कामासाठी २०२१चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

यात नवं यंत्र नाही, जास्त टन नाहीत. जो मासा मारला जात होता तो ठेवला, इतकंच. म्हणून मत्स्योत्पादन वाढवण्याच्या ‘नील क्रांती’च्या योजना वाचताना मी आधी एवढंच बघतो की उत्पादन कोण खाणार आहे. जगातली किमान ४० टक्के पकड लहान मच्छीमारांची आहे, पण बंदरं, शीतगृहं, डिझेलची सवलत यांचा मोठा वाटा मोठ्या बोटींकडे जातो.

समुद्र रिकामा होण्याचं म्हणाल तर माझ्या मते कळीचा मुद्दा हीच डिझेलची सवलत. तिच्याशिवाय खोल समुद्रातली कितीतरी मासेमारी तोट्यात जाईल. जागतिक व्यापार संघटनेत २०२२ साली मासेमारीच्या अनुदानांवर करार झाला आणि सप्टेंबर २०२५मध्ये तो लागू झाला. बेकायदा मासेमारी आणि आधीच उपसलेले साठे यांवरच्या अनुदानाला त्यात मनाई आहे. गरजेपेक्षा जास्त बोटी बांधायला आणि चालवायला मिळणाऱ्या पैशांचा वाद मात्र त्यात मिटलेला नाही, तो पुढच्या वाटाघाटींवर ढकललाय.